मेळघाटचा मुक्काम : तंबूआधी परवाना

उन्हाळ्याची सुटी लागली किंवा दिवाळी आटोपली, की चार कुटुंबांनी मिळून एखाद्या मोठ्या जंगलात दोन-तीन दिवस मुक्कामाला जावे, हा विचार आता केवळ पुण्या-मुंबईच्या मंडळींपुरता राहिलेला नाही. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावातही असे बेत होतात. गाडी ठरते, वर्गणी जमते आणि पाठोपाठ तंबूची चौकशी सुरू होते. बेत नेमका येथेच चुकतो. परदेशातील चित्रपटांत दिसणारा मुक्काम, म्हणजे वाटेल त्या तळ्याकाठी तंबू ठोकावा, शेकोटी पेटवावी आणि तारे मोजत झोपावे, हा आपल्या देशातील राष्ट्रीय उद्यानात करता येत नाही. करू पाहणारा गुन्हेगार ठरतो आणि स्वतःबरोबर मुलाबाळांचा जीवही धोक्यात घालतो.

बालाघाटाच्या पठारावरील माणसाला हे पटवून देणे थोडे अवघड आहे, कारण उघड्यावरची रात्र त्याला नवी नाही. सुगीत खळ्यावर राखणीला झोपणे, पंढरीच्या वाटेवर राहुटीत मुक्काम करणे, ऊसतोडीला गेल्यावर सहा-सहा महिने कोपीत संसार मांडणे, हे सारे या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेले आहे. शहरी पर्यटक जंगलाला भितो आणि म्हणून निदान सांगितलेले ऐकतो. आपल्याकडचा माणूस मात्र ‘त्यात काय विशेष?’ असे म्हणतो. परंतु शेत माणसाचे असते. तेथे रात्री येणारा रानडुकरांचा कळप हा पाहुणा असतो. राष्ट्रीय उद्यानात ही नाती उलटी होतात.

उद्यान कोणते निवडावे?

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचे संजय गांधी उद्यान. पर्यटकांची पहिली पसंती ताडोबाला असते, कारण तेथे वाघ दिसण्याची शक्यता अधिक. तथापि मूळ ताडोबा राष्ट्रीय उद्यान अवघे ११६.५५ चौरस कि.मी. आहे आणि तेथील सहल बहुतांशी जिप्सीतून वाघ पाहण्याची असते. ज्यांना मुक्काम करायचा आहे, जंगलाच्या पहाटे आणि संध्याकाळी अनुभवायच्या आहेत, त्यांनी अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचा विचार करावा, असे आमचे मत आहे.

मेळघाटातील गुगामल हे राज्यातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्र ३६१.२८ चौरस कि.मी. आहे. पण ते एकटे नाही. त्याच्या भोवती मेळघाट, नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत आणि या सर्वांचा मिळून मेळघाट व्याघ्र प्रकल्प होतो. गाभा आणि बफर क्षेत्र धरून त्याचा विस्तार पावणेतीन हजार चौरस कि.मी.हून अधिक भरतो. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प स्थापन झाले, त्यांत महाराष्ट्रातील हा एकच होता.

सातपुड्याच्या या डोंगररांगेत खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्या उगम पावतात आणि पुढे तापीला मिळतात. जंगल सागाचे, पानगळीचे. डोंगर-दऱ्यांमुळे वाघ सहजी दिसत नाही, हे आधीच मनाशी धरून निघावे. अस्वल, रानगवा, सांबर, रानकुत्री आणि नशीब असेल तर रानपिंगळा येथे पाहावयास मिळतो. हा रानपिंगळा १८८४ नंतर कोणालाच दिसला नव्हता आणि नामशेष झाला असावा, असेच मानले जात होते. १९९७ मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याच्या परिसरात पुन्हा सापडला. पुढे मेळघाटातही त्याची वस्ती असल्याचे स्पष्ट झाले. ‘वाघ दिसला नाही, पैसे वाया गेले’ असे म्हणणाऱ्यांनी मेळघाटला न गेलेलेच बरे.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा या बाबतीतील मूळ कायदा. अभयारण्यात कोणी, कशासाठी प्रवेश करावा हे त्याच्या कलम २७ व २८ मध्ये ठरवून दिले आहे. पर्यटनासाठी प्रवेश मिळतो, पण तो परवान्यानेच, आणि परवान्यात लिहिलेल्या जागेपुरता व वेळेपुरता. वन्यप्राण्याला डिवचणे किंवा परिसरात कचरा टाकणे याच कलमाने निषिद्ध आहे. कलम ३० नुसार आग लावण्यास, तसेच जळती वस्तू मागे सोडण्यास मनाई आहे. कलम ३१ शस्त्र नेण्यास आडकाठी करते. कोयता किंवा कुऱ्हाड ही आपल्या दृष्टीने गाडीतील नित्याची वस्तू असली, तरी ती घरीच ठेवलेली बरी. कलम ३५ मुळे हे सारे निर्बंध राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतात. तेथे तर गुरे चारण्यासही परवानगी नाही.

मग मुक्काम करायचा कोठे? वन विभागाच्या पर्यटन संकुलांत. सेमाडोह येथे कुटी आणि सामूहिक निवासाची सोय आहे. कोलकास येथील विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर उभे आहे आणि मेळघाटातील सर्वांत रमणीय मुक्काम कोणता, असे विचारल्यास आम्ही त्याचेच नाव घेऊ. याखेरीज चिखलदरा, हरिसाल आणि नरनाळ्याच्या पायथ्याचे शहानूर ही ठिकाणे आहेत. एखाद्या ठिकाणी तंबूत राहण्याची सोय मिळालीच, तर तो तंबू विभागाने नेमून दिलेल्या जागेतच असतो. स्वतःचा तंबू लावण्याची हौस ज्यांना टाळवत नाही, त्यांनी चिखलदऱ्यात खासगी जागेच्या मालकाची संमती घेऊन ती भागवावी. ते गिरिस्थान आहे, राष्ट्रीय उद्यान नव्हे.

या निर्बंधांमागे आणखी एक कारण आहे आणि ते पर्यटकांना सहसा सांगितले जात नाही. मेळघाटात फिरताना मध्येच मोकळी, गवताळ, सपाट कुरणे लागतात. पाहताक्षणी वाटते, तंबूला याहून चांगली जागा नाही. यांतील काही कुरणे म्हणजे उठून गेलेल्या गावांची शेते आहेत. २००० नंतरच्या काही वर्षांत बोरी, कोहा आणि कुंड ही गावे प्रथम हलविण्यात आली आणि त्यानंतर इतरही गावांचे पुनर्वसन झाले. त्या गावांतील कोरकू कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्यांची घरे सोडली, ती वन्यप्राण्यांना निर्वेध जागा मिळावी म्हणून. पुनर्वसन कोठे नीट झाले, कोठे झाले नाही, यावर वाद आहेत आणि ते रास्त आहेत. परंतु ज्या जमिनीवरून तेथील मूळ रहिवासी उठले, तेथे सुटीवर आलेल्या पाहुण्याने शेकोटी पेटवावी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

केव्हा निघावे?

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते. ऑक्टोबरात दारे उघडतात तेव्हा जंगल हिरवेगार असते, नद्या वाहत्या असतात, पण गवत पुरुषभर वाढलेले असल्याने प्राणी दिसत नाहीत आणि डासांचा उपद्रव असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ लहान मुले व वृद्धांसाठी सर्वांत सुखाचा. मात्र मराठवाड्यातील माणसाने चिखलदऱ्याच्या थंडीला कमी लेखू नये. आपल्याकडची एक शाल तेथे पुरत नाही.

अडचण अशी, की बीड जिल्ह्यातील अनेक घरे दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. जे गावी राहतात त्यांच्यामागे हिवाळ्यात रब्बीची ज्वारी आणि हरभरा असतो. त्यामुळे सगळे कुटुंब एकत्र असण्याचे दिवस उरतात ते एप्रिल-मे. हा काळ वाईट नाही. पानगळ झालेली असते, पाणवठे आटत आलेले असतात आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी येतात. पण हाच वणव्याचा हंगाम. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वन विभाग आगीच्या पहाऱ्यावर असतो. आधी जाळरेषा काढून ठेवलेल्या असतात, वनमजूर दिवसरात्र फिरत असतात. सागाच्या वाळल्या पानांचा थर घोटाभर साचलेला असतो आणि विडीचे एक थोटूक त्याला पुरेसे असते. ज्याला विडी-सिगारेटवाचून राहवत नाही, त्याने उन्हाळ्यात या सहलीस येऊ नये, असे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी बेत आखणाऱ्याने घ्यावी.

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याचा उपक्रम राज्यातील जंगलांत अनेक वर्षे होत आला आहे. पूर्वी ती प्रगणना होती. पुढे आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे आल्यावर तिला ‘निसर्गानुभव’ असे नाव मिळाले. जंगलात रात्र काढण्याची सामान्य माणसाला मिळणारी ही जवळजवळ एकमेव संधी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांतील रात्रीचे पर्यटन बंद ठेवण्याचे, तसेच गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापरू न देण्याचे निर्देश दिले. त्यामुळे त्या त्या वर्षी मचाणाचा कार्यक्रम जाहीर होतो किंवा नाही, हे पाहूनच त्याच्या भरवशावर बेत करावा.

वाट आणि दिवसांचा हिशेब

नांदूरघाटहून केज, परळी, परभणी, हिंगोली, वाशीम, अकोला अशी वाट धरली, तर परतवाड्यापर्यंत चारशे कि.मी.हून अधिक प्रवास होतो. परळीपासून परभणी-पूर्णामार्गे अकोल्यापर्यंत ब्रॉडगेज रेल्वेही आहे. परंतु पुढे जंगलात स्वतःचे वाहन हाताशी असणे सोयीचे, किंबहुना आवश्यक. त्याचे कारण पुढे येईल.

हा पल्ला एका दिवसात मारून रात्री घाट चढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. परतवाड्याहून सेमाडोहचा रस्ता वळणावळणाचा, जंगलातून जाणारा आहे आणि अंधार पडल्यावर प्राणी त्याच रस्त्याने चालतात. पहिली रात्र अकोला, अकोट किंवा परतवाडा येथे काढून दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलात शिरावे. म्हणजे जंगलातील दोन रात्रींसाठी एकूण चार रात्री घराबाहेर लागतात. एवढी सवड नसल्यास अकोटजवळचे शहानूर गाठावे. ते अकोल्याच्या बाजूने जवळ पडते, नरनाळा किल्ला पाहून होतो आणि जंगलही तेच असते.

आरक्षण वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. सुटीच्या दिवसांतील खोल्या लवकर भरतात, म्हणून तारीख आधी आणि गाडी नंतर ठरवावी. आपल्याकडे नेमके याच्या उलट होते. प्रत्येकाचे नाव ओळखपत्रावर असेल तसेच नोंदवावे, मूळ ओळखपत्र बरोबर न्यावे. ‘ऐनवेळी मेहुण्याला घेतले’ हे प्रवेशद्वारावर चालत नाही. खोलीचे भाडे वेगळे, प्रवेशशुल्क वेगळे, जंगलफेरीच्या वाहनाचे आणि वाटाड्याचे पैसे वेगळे, मोठा कॅमेरा असल्यास त्याचेही वेगळे. वर्गणी ठरवताना हे चारही आकडे धरावेत, नाहीतर परतताना मनस्ताप होतो. खासगी वाहन कोठपर्यंत नेता येते याचे नियम प्रवेशद्वारागणिक निराळे असल्याने ते आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावेत.

परतवाड्यात डिझेल, रोख रक्कम आणि औषधे घेऊनच पुढे निघावे. जंगलात भ्रमणध्वनीची रेंज सलग नसते आणि रेंज नसली की मोबाइलवरून पैसे देण्याची सोयही बंद पडते. नांदूरघाटला घरी फोन करून ‘दोन दिवस फोन लागला नाही तरी काळजी करू नका’ एवढे आधी सांगून ठेवावे. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव त्याने भांड्यात पडतो.

रात्रीचा खरा धोका

वाघाची भीती सगळ्यांना वाटते. वस्तुतः मुक्कामाच्या जागी माणसाला धोका असतो तो अधिक लहान जिवांचा. त्यांत पहिला मण्यार. हा साप निशाचर आहे आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना महाराष्ट्राच्या खेड्यांत नेहमी घडतात. त्याचा दंश फारसा दुखत नाही, खूणही ठळक उमटत नाही. पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे नंतर दिसू लागतात. तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो. म्हणून सतरंजीवर ओळीने झोपण्याची आपली पद्धत येथे सोडावी. खाटेवर किंवा पलंगावरच झोपावे, मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. रात्री उठताना आधी बॅटरी, मग पाय. बूट सकाळी झटकून घालावेत, कारण त्यांत विंचू असू शकतो.

दंश झालाच, तर जखम कापणे, चोखणे, वर आवळून दोरी बांधणे हे सारे प्रकार निषिद्ध समजावेत. चावलेला अवयव हलू न देता, रुग्णाला धीर देत, वाहनातून थेट रुग्णालय गाठावे. स्वतःचे वाहन हवे ते याचसाठी. सेमाडोह येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याहून मोठे उपचार धारणी किंवा अचलपूर-परतवाडा येथील शासकीय रुग्णालयांत मिळतात. आपल्या मुक्कामापासून यांपैकी कोणते जवळ पडते, हे चालकाला आदल्या दिवशीच ठाऊक असले पाहिजे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची काहीही गरज नसते.

दुसरा धोका डासांचा. मेळघाट हा हिवतापाचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला लावायचे मलम आणि मच्छरदाणी या तीन गोष्टी पुरेशा आहेत. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ‘आम्ही मेळघाटला गेलो होतो’ हे आवर्जून सांगावे.

तिसरे अस्वल. पायी चालणाऱ्या माणसाची आणि अस्वलाची अचानक गाठ पडली, तर ते पळून न जाता हल्ला करते. उन्हाळ्यात मोहाची फुले गळतात, ती वेचायला पहाटे कोरकू स्त्री-पुरुष जातात आणि तीच फुले खायला अस्वलही येते. तेथे जन्मलेल्या माणसांनाही ते टाळता येत नाही, तेथे पाहुण्याने संकुलाचे कुंपण ओलांडून ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणण्यात शहाणपण नाही.

शिदोरी

संकुलात जेवणाची सोय होते. तीच घ्यावी. त्यातून स्थानिकांच्या हाती दोन पैसे पडतात आणि चूल पेटविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वाटेसाठी मात्र आपली शिदोरी उत्तम. दुधात मळलेल्या दशम्या आणि धपाटे दोन दिवस टिकतात, जोडीला शेंगदाण्याची चटणी व गूळ असला की हॉटेल शोधावे लागत नाही. खाण्याचे डबे खोलीबाहेर किंवा खिडकीत ठेवू नयेत, वानरे ते नेतात. वानरांना हाताने खाऊ घालणे हे पुण्यकर्म नसून त्यांना बिघडविणे आहे. पिण्याचे पाणी उन्हाळ्यात माणशी चार ते पाच लिटर धरावे आणि ते मोठ्या कॅनमधून न्यावे, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग होत नाही. रिकामी वेष्टणे गोणीत भरून परत आणावीत.

कोरकू लोकांशी वागताना थोडे भान हवे. त्यांची भाषा मराठीच्या कुळातील नाही, ती मुंडा कुळातील, संथाळी-मुंडारीची नातेवाईक. सिपना या नदीचे नावही त्याच भाषेतले, त्याचा अर्थ साग. त्यांच्या घरांची, बायकामुलांची छायाचित्रे न विचारता काढणे हा उद्धटपणा आहे. आपल्या कोपीत शिरून कोणी असे छायाचित्र काढले, तर आपल्याला कसे वाटेल याचा अंदाज ऊसतोड केलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागू नये.

आधी घरी एक रात्र

ज्यांच्या घरातील मुले कधी बाहेर झोपलेली नाहीत, त्यांनी निघण्याच्या पंधरा दिवस आधी आपल्याच शेतात एक रात्र काढून पाहावी. खाटा आणि मच्छरदाण्या तेथे न्याव्यात. विजेचा दिवा, मोबाइल आणि ध्वनिक्षेपक यांवाचून संध्याकाळी सात ते सकाळी सहा हा वेळ कसा जातो, ते कळते. कोणते मूल अंधाराला घाबरते, कोणाला रात्री दोनदा उठावे लागते, बॅटरीचे सेल किती तास पुरतात, पांघरूण किती लागते, या गोष्टी सेमाडोहला समजण्यापेक्षा येथे समजलेल्या बऱ्या. तंबू आणलाच असेल, तर त्याचाही उपयोग येथे होतो.

दिवसाच्या सरावासाठी पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस कि.मी.चे हे अभयारण्य १९९४ मध्ये मोरांसाठी घोषित झाले. नांदूरघाटकडून सकाळी निघून दिवसभरात परत येता येते. कायदा तेथेही तोच. दबक्या आवाजात बोलणे, भडक रंगाचे कपडे टाळणे, दुर्बिणीतून एका जागी अर्धा तास पाहत राहणे, हे मुलांना तेथे शिकवता येते. मोर पहाटे आणि सायंकाळी अधिक हिंडतो, म्हणून घरून अंधारातच निघावे लागते. वाटेत चौसाळ्याला चहा मिळतो.